सरळ रेषेत आगरदांडा

मंडळी, गेल्या शनिवारी पावसामुळे भटकंती रद्द झाली. मग बसल्या बसल्या एक छोटासा प्रोग्राम लिहिला. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिले की तो सरळ हवाई अंतर सांगतो. मुंबई-दिल्ली, मुंबई-लंडन करून झाल्यावर सहज गेटवे ऑफ इंडिया ते आगरदांडा टाकलं. उत्तर आलं, साधारण 75 किमी. ताशी 800 किमीनं उडणारं विमान हे अंतर सहा मिनिटांत कापेल! आम्ही पेण, अलिबाग, मुरुड करत दीडशेवर किलोमीटर जातो आणि चार-पाच तास घालवतो.

हा घोळ खाड्यांचा. आणि तो जुना आहे. राजपुरी खाडीच्या तोंडाशीच जंजिरा आहे. किनाऱ्यावरून अगदी हाकेच्या अंतरावर वाटतो, पण जिंकता आला नाही. 1682 साली संभाजीराजांनी दगड टाकून समुद्रात थेट सेतूच बांधायला घेतला होता. तेवढ्यात मोगली फौज कोकणात उतरली आणि काम अर्धवट राहिलं.

गंमत म्हणजे पूर्वी या खाड्या कुणाला अडवत नव्हत्या. माणसं गलबतानं जायची, पुढे आगबोटी आल्या. पाण्यावरचा रस्ता जवळजवळ सरळ. मात्र तो बेभरवशाचा. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. हळूहळू कोकण एसटीवर आलं. कालपर्यंत जी खाडी वाट होती, तीच आता आडवी आली.

बाबांची आठवण सांगतो. माझ्या जन्माआधीची. आजी दिघीला आजारी होती. निरोप मिळाल्यावर बाबा मुंबईहून निघाले, आगरदांड्याला पोचेपर्यंत शेवटची लाँच गेलेली. समोर दिघीचे दिवे दिसत होते. लाँचनं जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचं पाणी! रात्र त्यांनी धक्क्यावर काढली. सकाळी पहिल्या लाँचनं पोचले तेव्हा आजी गेली होती.

आता तिथे गाड्या नेणारी फेरीबोट आहे. रेवस-रेड्डी सागरी मार्गाची चर्चा बॅ. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनची, म्हणजे 1980-82 ची. त्या मार्गाच्या आराखड्यात आगरदांडा-दिघी पूलही आहे. 2024 मध्ये मुंबईत जवळपास 22 किमीचा अटल सेतू झाला, म्हणजे खाडीवर पूल बांधणं आपल्याला जमतं. कुणाचे तास आधी वाचवायचे, एवढंच ठरवावं लागतं.

माझ्या प्रोग्रामला भरती-ओहोटी कळत नाही, शेवटची लाँचही कळत नाही. मी बाबांना तो 75 चा आकडा दाखवला. ते म्हणाले, "मला फक्त समोरचं पाणी मोजून दे."

असो. पाऊस थांबला की फेरीबोटीनं दिघीला जायचं ठरलंय. बाबाही येतायत.