जाणत्या हातांची घडी

कागदाच्या घडीसारखा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर यावा याचे काहींना नवल वाटेल. राज्ये, लढाया, संत आणि पंडित यांच्या कथा ऐकावयास आलेल्या नांदेड-लातूरच्या नागरिकांपुढे होडी आणि कमळ यांच्या गोष्टी काय करावयाच्या, असेही कोणी म्हणेल. परंतु इतिहास केवळ तलवारीने घडत नाही, बोटांनीही घडतो. आणि ज्या बोटांचा इतिहास कोणी लिहिला नाही, अशी आमच्या घराघरांतील वडीलधाऱ्यांची बोटे आहेत. सणासुदीला ती काय करीत होती, त्यांचे काम त्यांच्या हातून कसे गेले आणि ते त्यांना परत कसे मिळेल, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेणार आहोत.

जपानी भाषेत ‘ओरु’ म्हणजे दुमडणे आणि ‘कामी’ म्हणजे कागद. या दोहोंपासून ‘ओरिगामी’ हा शब्द झाला. कात्री नाही, खळ नाही, दोरा नाही; एक कागद आणि दहा बोटे, एवढ्यावर ही कला उभी आहे. आज हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे लहान मूल येते. म्हाताऱ्या माणसाने कागदाचा पक्षी करावयास घेतला तर घरातले लोक कौतुकाने हसतात, आणि त्या हसण्यात ‘दुसरे बालपण’ हा भाव असतो. आमचे म्हणणे असे की, ही समजूत इतिहासाला धरून नाही.

प्रथम आपल्याच मुलखाकडे पाहू. इ. स. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादेस आणली. त्या धामधुमीत आलेल्या कारागिरांनी किल्ल्याजवळ कागद करण्याचा धंदा मांडला, अशी परंपरा आहे. आणि कागजीपुरा हे गाव त्या परंपरेची खूण म्हणून आजही तेथे आहे. दौलताबादी कागद पुढे दप्तरांतून नावाजला गेला. म्हणजे मराठवाड्याला कागदाची ओळख काही काल-परवाची नव्हे.

परंतु घडीची ओळख कागदाहूनही जुनी असली पाहिजे. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातील पळसाची पाने घ्या. त्यांचा द्रोण करताना पान कोठे मुडपावे, काडी कोठे टोचावी, हे ज्याला कळते त्याच्या द्रोणातून वरण गळत नाही. विड्याचे पान घ्या. गोविंदविडा असो की कुलपी विडा असो, पानाला पीळ कोठे द्यावयाचा आणि लवंग कोठे टोचावयाची हे आजीच्या हाताला ठाऊक असते. त्यात डिंक नाही, दोरा नाही. घडीनेच घडी धरून ठेवलेली असते. आणि भाद्रपदात महालक्ष्म्या उभ्या राहतात तेव्हा त्यांना लुगडे नेसविण्याचे काम घरातील सुनेकडे नव्हे, सासूकडे असते. एका मापाच्या निऱ्या, एकीवर एक, अशा बसवावयाच्या की मुखवट्याखाली साक्षात देवी उभी राहावी. ज्या हातांनी चाळीस-पन्नास वर्षे या निऱ्या घातल्या, त्यांना कागदाच्या चुण्यांचा पंखा कोणी शिकवावयास नको.

पुरुषांचीही एक घडी होती. लातूरची अडत बाजारपेठ प्रसिद्ध आहे. तेथील मुनीम ज्या लांबट, लाल कापडी बांधणीच्या चोपड्या लिहीत, त्यांच्या पानांवर आखीव रेघा नसत. पान उभे दुमडून त्याला सळ पाडीत. त्या सळांचीच रकानेवजा सोय होई. डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस नावे. पहिल्या सळात रक्कम, पुढच्या सळांत तपशील. पट्टी नको, पेन्सिल नको. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी चोपडी पाटावर येई तेव्हा तिचे कोरे पान अशा घडीनेच व्यवहाराला सिद्ध होई. लाखोंचा हिशेब जिच्या आधारे चाले, ती कागदाची घडी पोरखेळ कशी म्हणावी?

शिवाय कागदाची इतर कामे होतीच. लग्नातील बाशिंग, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या कपाळावर बांधावयाचे बाशिंग आणि शिंगांना लावावयाचे बेगड, मांडवाच्या पताका, दिवाळीचा आकाशकंदील, मोहरममध्ये बांबूच्या कामट्यांवर रंगीत कागद चढवून उभे केलेले ताबूत. ही कामे कातरीची आणि खळीची आहेत, शुद्ध घडीची नव्हेत, हे आम्ही मान्य करतो. परंतु त्यांतील जाणता माणूस बहुधा वयस्क असे आणि पोरे त्याच्या हाताखाली खळ ढवळीत, हे येथे महत्त्वाचे आहे.

मग घडी मुलांची कशी झाली? याचे उत्तर जर्मनीत आहे. फ्रेडरिक फ्रोबेल या शिक्षणवेत्त्याने १८३७ साली लहान मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे बालोद्यान, म्हणजे किंडरगार्टन, या नावाने जगभर गेली. मुलांच्या हाताला वळण लागावे म्हणून त्याच्या पद्धतीत कागद दुमडण्याला स्थान होते. हे शिक्षण हिंदुस्थानातही आले. मद्रासेत १८९३ साली टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्याची कल्पना बालोद्यानातील कागदकामावरून सुचल्याचे सांगितले. ते पुस्तक युरोपातील गणितज्ञांपर्यंत पोहोचले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट होय. शाळेने घडीवर उपकारच केले. मात्र तिच्यावर ‘मुलांसाठी’ अशी चिठ्ठी चिकटली ती कायमचीच.

खुद्द जपानात मूळची स्थिती निराळी होती. तेथे घडी प्रथम शिष्टाचारात आणि समारंभात दिसते. भेटवस्तूवर विशिष्ट तऱ्हेने दुमडलेला कागद लावावयाचा. लग्नात मद्याच्या पात्रांना कागदाचे नर-मादी फुलपाखरू बांधावयाचे. ही मोठ्यांची कामे होती. १७९७ साली तेथे कागदी क्रौंच पक्ष्यांच्या घड्यांवर एक स्वतंत्र पुस्तक निघाले. क्रौंच हे तेथे दीर्घायुष्याचे चिन्ह. असे हजार पक्षी करून ते माळेत ओवले की आरोग्याची इच्छा व्यक्त होते. विसाव्या शतकात या कलेला प्रतिष्ठा मिळवून देणारे अकिरा योशिझावा (१९११–२००५) हे कारखान्यातील काम सोडून घडीला वाहून घेतलेले गृहस्थ होते; वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षापर्यंत ते जगले. आणि त्याच देशाने १९६६ पासून वृद्धांच्या सन्मानाचा दिवस राष्ट्रीय सुट्टीचा केला आहे.

येथे आपल्या एका संस्काराची आठवण होते. ज्याने सहस्र पौर्णिमांचे चंद्र पाहिले, त्याचे आपण सहस्रचंद्रदर्शन करतो. एका वर्षात सरासरी बारा पौर्णिमा आणि वर थोडे, म्हणजे अधिकमास धरून ऐंशी वर्षे आणि सुमारे दहा महिने होतात. तिकडे हजार पक्षी, इकडे हजार चंद्र. एकाने आयुष्याची इच्छा कागदावर मोजली, दुसऱ्याने आयुष्यच आकाशावर मोजले. फरक इतकाच की, आमच्या समारंभात सत्कारमूर्ती पाटावर बसून असते. तिला ओवाळतात, तिच्या पाया पडतात, पण तिच्या हाताला काम काही देत नाहीत.

आमच्या चर्चेतील खरे दुखणे हेच आहे. मध्यंतरी तयार मखरांचे दिवस आले. थर्माकोलचे कोरीव देऊळ बाजारातून उचलून आणले की गणपतीची आरास झाली. घरात मखर बांधणे संपले, आणि त्याबरोबर ‘आजोबा, कामटी धरा’ हे वाक्यही संपले. सणाच्या दिवशी घर गजबजलेले आणि घरातला जाणता माणूस मात्र खुर्चीत बसून ‘माझ्याकडून काही हवे का?’ म्हणून पाहतो आहे, हे दृश्य कोणाच्या परिचयाचे नाही? मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली आणि कागदाला पुन्हा दिवस आले. कागदाबरोबर ते जाणते हातही परत यावेत, एवढीच आमची मागणी आहे.

हे कठीण नाही. एक उदाहरण सांगतो. पातळ, मऊ आणि चौरस कागद घ्यावा. जेवणाच्या वेळी मिळणारा कागदी रुमालही चालेल. कागद वीतभर तरी असावा, कारण लहान कागद थरथरत्या बोटांना आणि मंद दृष्टीला त्रास देतो. चारही कोपरे मध्यबिंदूपर्यंत दुमडावेत. नवे चार कोपरे होतील, तेही पुन्हा मध्यावर आणावेत. मग कागद उलटा करून तिसऱ्यांदा तेच करावे. मध्यभाग बोटाने दाबून धरावा, आणि प्रत्येक कोपऱ्यामागील टोक हळूच पुढे ओढून घ्यावे. पाकळ्या उमलतात आणि लक्ष्मीपूजनाला शोभेसे कमळ तयार होते. घडी पक्की करण्यास नखाला जोर नसेल तर चमच्याची पाठ फिरवावी. घाई करू नये. कागद फाटला तर दुसरा घ्यावा, देव रागावत नाही.

मात्र एक पथ्य आहे. हे कमळ आजीकडून करवून घेऊन कोपऱ्यात ठेवू नये. ते महालक्ष्म्यांच्या पुढ्यात, चोपडीच्या पाटावर, सर्वांना दिसेल असे ठेवावे. आणि नातवंडांना तिच्याजवळ बसवून तिच्याकडूनच शिकवावे. करमणुकीसाठी दिलेले काम आणि घराला हवे असलेले काम यांतला भेद म्हाताऱ्या माणसाला फार चटकन कळतो.

कागदाचा एक धर्म आहे. एकदा पडलेली घडी पुन्हा सपाट केली तरी तिची रेघ राहते, आणि दुसऱ्यांदा कागद त्याच रेघेवर सहज वळतो. जाणत्या हातांचेही तसेच आहे. निऱ्यांची, विड्यांची, सळांची वळणे त्यांत अजून आहेत. येत्या सणाला आपण त्यांच्यापुढे फक्त कागद ठेवावयाचा आहे.