हन्ना ते सांताना

२६ जुलैला, पवित्र मरियेची माता संत अन्ना हिच्या सणाला, आमच्या गोंदियाकडे धानाची रोवणी चाललेली असते. हे नाव मूळचे हिब्रू ‘हन्ना’, अर्थ कृपा. शमुवेलाची आई हन्ना निपुत्रिक म्हणून सवतीचे टोमणे सोशी. शिलो येथे ती निःशब्द प्रार्थना करू लागली, तर एली याजकाने तिला मद्यपी ठरविले! (आम्हां धर्मगुरूंनी हे विसरू नये.) ग्रीकमध्ये ‘ह’ गळून अन्ना झाली. मरियेच्या आईचे नाव बायबलात नाही. ते दुसऱ्या शतकातील ‘याकोबाच्या आद्यशुभवर्तमाना’त येते, आणि तेथेही ती दीर्घकाळ निपुत्रिकच. गोव्यात तळावली येथे १६९५ साली पूर्ण झालेल्या तिच्या मंदिराला लोक सांताना म्हणतात. तेथील फेस्ताला अपत्य मागणारी जोडपी तवसे अर्पण करतात.