मलिद्याची कुळकथा

पनवेलचे बेथ एल सिनेगॉग 1849 सालचे. कोकणातले बेने इस्रायली यहुदी ते जागृत मानतात. तिथे नवस बोलतात आणि फिटला की मलिदा करतात. भिजवून मऊ केलेले पोहे, खवलेला ओला नारळ, साखर, वेलदोडा, वरून बदाम-पिस्ते. भोवती केळी, खजूर, आणखी फळे. सुवासासाठी गुलाब किंवा सब्जाची डहाळी. संदेष्टा एलियाहू हन्नाबी याचे हिब्रू गीत होते. मग झाडाच्या फळाला वेगळी, जमिनीतल्या पिकाला वेगळी, सुवासाला वेगळी अशी एकेक बराखा, म्हणजे देवाची स्तुती, म्हणायची आणि मगच ताट वाटायचे. लग्न, सुंता, नवे घर, टळलेले संकट, कशालाही मलिदा चालतो. कोचीनच्या किंवा मुंबईच्या बगदादी यहुद्यांत मात्र ही चाल नाही.

या समाजाच्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले, सात पुरुष व सात बायका वाचल्या, त्यांचे वंशज तेलाचा घाणा चालवून आणि शनिवार पाळून शनवार तेली झाले, ही परंपरा सर्वश्रुत आहे. मलिद्याचे मूळ मात्र वादाचे आहे.

एक पक्ष थेट बायबलात जातो. लेवीय ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात अन्नार्पण सांगितले आहे: तव्यावर भाजलेल्या पोळीचे तुकडे करून त्यावर तेल ओतायचे. मलिदा म्हणजे तेच, असे हा पक्ष म्हणतो. या मतात समाजाचे बरेच काही गुंतले आहे. समाजाचे इतिहासकार हाईम केहीमकर यांनी पूर्वजांचे स्थलांतर इ.स.पू. 175च्या सुमारास धरले. जेरुसलेमचे मंदिर पडले इ.स. 70 मध्ये. अर्पणविधी मंदिरात चालू असतानाच निघालेल्यांनी तो सोबत आणला असेल, तर मलिदा हा प्राचीनत्वाचा पुरावाच ठरतो. अडचण एवढीच, की ते अर्पण वेदीवर, याजकाच्या हातून व्हायचे. घरच्या ताटात नव्हे. शिवाय पोह्यांचा चुरा कोणी करत नाही.

दुसरा पक्ष नारळ आणि पोहे पाहून शेजारच्या हिंदू घराकडे बोट दाखवतो. सामग्री तिथली असेलच. भाताच्या मुलखात दुसरे काय मिळणार? पण हिंदू नैवेद्याला सहसा मलिदा म्हणत नाहीत.

नाव फारसी आहे. ‘मालीदा’ म्हणजे चोळलेले, कुस्करलेले. पोळी कुस्करून तूप-गुळात केलेला मलिदा पिराच्या दर्ग्यात फातिहासाठी ठेवतात. दुवा हाच दिसतो, कारण नाव एकटे आलेले नाही. तू बिश्वात, म्हणजे झाडांच्या नववर्षाचा दिवस, बेने इस्रायलींच्या बोलीत ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’ झाला. सिनेगॉगलाही ते मशीद म्हणत. मुंबईचे 1796चे शआर हारहमीम अजून ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले जाते. उरूस, मशीद, मलिदा: तिन्ही शब्द एकाच, मुस्लिम शेजाऱ्याचे. तिथून आलेल्या पदार्थात कोकणाने पोळीच्या जागी पोहे घातले.

मग मान एलियाहूलाच का? मुस्लिम लोकश्रद्धेत ख्वाजा खिज्र आणि इलियास यांची जोडी आहे. खिज्र पाण्याचा व वाटसरूंचा वाली, आणि इलियास म्हणजेच एलियाहू. गलबत फुटून किनाऱ्याला लागल्याची कथा सांगणाऱ्यांना खिज्राच्या जोडीचा हा एलियाहू जवळचा वाटला असणार. कागदोपत्री धागा नाही, पण अंदाज सयुक्तिक आहे. अलिबागजवळ सागावच्या बाजूला खंडाळ्यात खडकावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या मानतात. दर्ग्यासारखे स्थानही असे तयार झाले. एलियाहूचा मान मात्र उसना नाही. सुंतेला त्याची खुर्ची आणि वल्हांडणाला त्याचा प्याला जगभर अनेक यहुदी ठेवतात.

उसन्या रूपाबरोबर श्रद्धाही उसनी आली का, हा खरा प्रश्न. पिराच्या दर्ग्यात कृपेसाठी पिराला मध्यस्थ घालतात. मलिद्याच्या ताटावरची प्रत्येक बराखा मात्र एकाच देवाला उद्देशून असते. एलियाहूला गीत मिळते, हाक मिळते, पण फळाचे श्रेय निर्मात्याला. कठोर धर्मशास्त्री तरीही नवसाच्या सौद्याला नाक मुरडेल. सामान्य भक्ताला तो सौदा वाटत नाही; त्याच्या लेखी संकटात दिलेला शब्द पाळणे हीच श्रद्धा.

1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. तिकडे त्यांच्या यहुदीपणाबद्दलच शंका घेतली गेली आणि 1964 पर्यंत त्यांना विवाहाच्या हक्कासाठी झगडावे लागले. मलिदा त्यांनी सोडला नाही. आता तो लग्नाआधीच्या मेंदीला होतो, आणि नवस फेडायला ही मंडळी हैफाच्या एलियाहूच्या गुहेत जातात.