त्रयस्थाच्या नजरेतून महापालिका

1876 ते 1882 या काळात जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून नगरपालिकेने स्वागताचा खर्च मंजूर करायला घेतला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे म्हणत त्यांनी विरोध नोंदवला. याच काळात, नगरपालिकेच्या बाहेर, 1870 मध्ये स्थापन झालेली सार्वजनिक सभा वेगळ्या वाटेने काम करत होती. 1876-77 च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती जमवली आणि ती सरकारपुढे ठेवली. एक जण सभागृहात बसून प्रश्न विचारतो, दुसरी संस्था बाहेर राहून पुरावा गोळा करते. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या स्वतंत्र मूल्यमापनाचा अभ्यास या दोन भूमिकांमधल्या नात्याचा अभ्यास आहे. पुण्याच्या वाचकाला त्याची ओळख करून द्यायची तर सुरुवात इथूनच करावी लागते.

या क्षेत्रात नव्याने येणारा विद्यार्थी बहुधा शहरांच्या क्रमवारीच्या बातम्या वाचून येतो. त्याचे स्वागत आहे. पण त्याने आधी थोडे मागे जावे. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या सहकाऱ्यांसह पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग 1945 मध्ये आणि दुसरा 1952 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 1956 मध्ये सोवनी, आपटे आणि पेंडसे यांची फेरपाहणी आली. ही फेरपाहणी मला विशेष महत्त्वाची वाटते. त्याच शहराकडे पुन्हा जायचे, त्याच धर्तीचे प्रश्न पुन्हा विचारायचे आणि मधल्या काळात काय बदलले ते पाहायचे, हा मूल्यमापनाचा गाभा त्या अभ्यासकांनी शिस्तीने जपला होता. आज आपल्याकडे पाहण्या भरपूर होतात, फेरपाहण्या फार थोड्या.

महापालिकेला तपासणी नवी नाही. कायद्याने महापालिकेला स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक दिला आहे. स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग आहे, नियंत्रक व महालेखापरीक्षकांची नजर आहे, आयुक्तांनी दरवर्षी सभेपुढे ठेवायचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल आहे. लेखापरीक्षक आक्षेप काढतो, खाते खुलासा देते, परिच्छेद वगळला जातो किंवा वर्षानुवर्षे प्रलंबित राहतो. या सगळ्यात मुख्य प्रश्न असतो तो खर्च नियमाने झाला का, हा. जलवाहिनी टाकली, बिल निघाले, मोजमाप वहीत नोंद झाली. तिच्यातून धायरीच्या घरात पाणी किती तास आले, हा निराळा प्रश्न आहे आणि तो विचारायला निराळी साधने लागतात.

ती साधने केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने 2008 मध्ये सेवा मानकांच्या रूपाने दिली. पाणी, सांडपाणी, घनकचरा आणि पावसाळी पाण्याचा निचरा या चार सेवांसाठी 28 निर्देशक ठरले: माणशी रोज 135 लिटर पाणी, 24 तास पुरवठा, सर्व जोडण्यांना मीटर, वगैरे. या मानकांमधली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र आकड्यांच्या शेजारी बसते. प्रत्येक आकड्यासोबत तो कितपत विश्वासार्ह आहे, याची ‘अ’पासून ‘ड’पर्यंतची श्रेणी द्यायची असते. मीटरवर मोजलेला आकडा आणि अभियंत्याने अंदाजाने सांगितलेला आकडा यांतला फरक महापालिकेने स्वतः मान्य करायचा, अशी ही रचना. 2009 पासून अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने गुजरात आणि महाराष्ट्रातल्या नागरी संस्थांसाठी याच धर्तीवर कामगिरी मूल्यमापनाचा प्रकल्प चालवला. महाराष्ट्राची बाजू 1926 पासून कार्यरत असलेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेने सांभाळली. नव्या अभ्यासकाला माझे सांगणे एवढेच, की आकडा वाचण्याआधी त्याची श्रेणी वाचा. ‘ड’ श्रेणीच्या आकड्यावर उभे केलेले अनुमान कितीही आकर्षक असले तरी टिकत नाही.

आता क्रमवारीकडे येऊ. 2018 हे वर्ष पुण्यासाठी कौतुकाचे होते. मार्चमध्ये बंगळुरूच्या जनाग्रह संस्थेने 23 शहरांच्या कारभारव्यवस्थेची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात पुणे पहिले आले. गुण होते दहापैकी 5.1, त्याच मोजपट्टीवर लंडन आणि न्यूयॉर्कला 8.8. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या राहणीमान सुलभता निर्देशांकात 111 शहरांत पुन्हा पुणे पहिले. स्वच्छ सर्वेक्षणात त्याच वर्षी दहाव्या क्रमांकावर असलेले पुणे 2019 मध्ये 37 व्या क्रमांकावर गेले आणि 2021 मध्ये पाचव्या क्रमांकावर आले. शहरातला कचरा एका वर्षात एवढा वाढला नव्हता आणि दोन वर्षांत एवढा घटलाही नव्हता. निकष बदलले, गुणांची विभागणी बदलली, इतर शहरांनी तयारी केली, कागदपत्रे वेळेत चढवली गेली किंवा गेली नाहीत. जनाग्रहची पाहणी मुख्यतः कायदे, अधिकार, मनुष्यबळ आणि पारदर्शकतेची चौकट तपासत होती. रस्त्यावरचा खड्डा तिच्या कक्षेत नव्हता. हे नीट वाचले असते, तर पहिल्या क्रमांकाच्या फलकांऐवजी 5.1 या आकड्याची चर्चा झाली असती. उरलेले 4.9 गुण कुठे गेले, ही चर्चा मुख्य सभेत व्हायला हवी होती.

बाहेरच्या जगात या विषयाचा सर्वांत मोठा प्रयोग इंग्लंडने केला. 1983 मध्ये तिथे ऑडिट कमिशन सुरू झाले. 2002 पासून प्रत्येक कौन्सिलला ‘उत्कृष्ट’पासून ‘निकृष्ट’पर्यंत पाच वर्गांत बसवले जाऊ लागले. कौन्सिलांचा कारभार सुधारला, पण तपासनिसांसाठी कागद तयार करण्याचा भारही वाढला, आणि 2015 मध्ये कमिशन बंद झाले. त्यानंतर मुख्य आधार राहिला तो समकक्षांच्या भेटीचा: दुसऱ्या कौन्सिलांचे निवडून आलेले नेते आणि वरिष्ठ अधिकारी काही दिवस येऊन राहतात, सर्व थरांतल्या लोकांशी बोलतात, अहवाल प्रसिद्ध होतो आणि काही महिन्यांनी चमू परत येऊन प्रगती पाहतो. ही पद्धत माणसे जोडणारी आहे. पण लेखापरीक्षणाचा कणा कमजोर झाल्यावर काय होते, तेही इंग्लंडनेच पाहिले. हिशेब तपासणीचा प्रचंड अनुशेष साचला, 2023 मध्ये बर्मिंगहॅमसारख्या महानगराने आर्थिक संकट जाहीर केले आणि डिसेंबर 2024 मध्ये सरकारला नवे स्थानिक लेखापरीक्षण कार्यालय उभारण्याची घोषणा करावी लागली. सहृदय सल्लागार आणि कठोर हिशेबतपासनीस, दोघेही लागतात.

समकक्षांच्या भेटीची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. 2000 साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात तपासणी समित्या गावागावांत जात, गटारे, शौचालये, पाण्याचे स्रोत पाहत. त्यासाठी गावे राबली आणि एकमेकांकडे पाहून शिकली. ‘नॅक’ची समिती यायची म्हणून महाविद्यालयात भिंती रंगतात आणि फायली लागतात, तसा धोका इथेही होताच; समिती गेल्यावर काय उरते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. महापालिकांसाठी अशी भेट अजून रुजलेली नाही. कोल्हापूरच्या पाणीपुरवठा अभियंत्याने आणि नाशिकच्या नगरसेविकेने पुण्याच्या क्षेत्रीय कार्यालयात आठवडाभर बसून अहवाल लिहावा, ही माझ्या मते येत्या काळातली सर्वांत करण्याजोगी गोष्ट आहे.

मूल्यमापकाचे पैसे कोण देतो, हा प्रश्न टाळता येत नाही. जून 2017 मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाणीपुरवठा योजनेसाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढले, तेव्हा पतमानांकन संस्थांनी तिचे हिशेब बारकाईने पाहिले. त्यांना हवे होते ते कर्ज फिटेल का याचे उत्तर. ते त्यांनी चोख दिले, पण नळाला पाणी येईल का, हे सांगणे त्यांचे काम नव्हते. विकासकामांवरच्या त्रयस्थ तपासणीतही हेच पाहावे लागते: तपासणाऱ्याची नेमणूक आणि त्याचे बिल ज्या खात्याच्या हाती, त्याच खात्याचे काम तो तपासत असेल, तर त्याचा अहवाल निदान सर्वांसाठी खुला हवा. स्वातंत्र्याची खरी कसोटी मी प्रसिद्धीतच मानतो. मूल्यमापक आपला निष्कर्ष कुणाच्या परवानगीशिवाय लोकांपुढे ठेवू शकतो का?

सरासरीचा सापळाही पुण्याने अलीकडेच अनुभवला. ऑक्टोबर 2017 मध्ये 11 आणि जून 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली. शहराची सरासरी चांगली दिसत असताना या समाविष्ट गावांत टँकर, विहिरी आणि अपुऱ्या वाहिन्या यांवर लोक दिवस काढत होते. 2025 च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि किरकटवाडी-नांदेड भागातल्या पाण्याच्या शुद्धतेकडे साऱ्यांचे लक्ष गेले. प्रभागनिहाय, गावनिहाय आकडे आधीच जाहीर होत असते, तर हे लक्ष कितीतरी आधी गेले असते. शहरभराचा एकच आकडा देणारा अहवाल अपुरा समजावा, असे मी ठामपणे म्हणेन.

आणि अहवाल कितीही चांगला असला तरी तो कुणाच्या तरी टेबलावर उत्तरासाठी यावा लागतो. मार्च 2022 मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ आयुक्त हेच प्रशासक राहिले. प्रस्ताव मांडणारे, स्थायी समितीच्या वतीने मान्यता देणारे आणि मुख्य सभेच्या वतीने ठराव करणारे एकच. त्या काळात बाहेरून निघालेल्या निष्कर्षांवर आयुक्तांना जाब विचारणारे सभागृहच नव्हते. मूल्यमापनाने सुधारणा होते, हे विधान म्हणून अर्धवट आहे. मूल्यमापन आणि त्यावर बोलायला बांधलेले सभागृह, दोन्ही असतील तर सुधारणा होते. ‘परिवर्तन’ या संस्थेने माहिती अधिकारातून नगरसेवकांची प्रगतिपुस्तके तयार केली, त्यांतली हजेरी आणि प्रश्नांची मोजणी याच अर्थाने महत्त्वाची होती.

हे क्षेत्र फार मोठ्या साधनांची मागणी करत नाही. पुणे महापालिकेने दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची पद्धत सुरू केली होती. 2018 मध्ये राज्य सरकारने हीच पद्धत इतर कार्यालयांनाही लावली. नव्या अभ्यासकाने एक प्रभाग आणि एक सेवा निवडावी. अंदाजपत्रकातली तरतूद, प्रत्यक्ष खर्च, लेखापरीक्षकाचे आक्षेप आणि त्यांवरचे खुलासे या चार गोष्टी शेजारी शेजारी मांडाव्यात, मग त्या प्रभागातल्या घरांत जाऊन विचारावे. जमलेली माहिती क्षेत्रीय कार्यालयाला, नगरसेवकाला आणि वस्तीतल्या लोकांना एकाच दिवशी द्यावी. पुढच्या वर्षी तेच प्रश्न घेऊन त्याच घरांत परत जावे.