द्नो : तळ नावाचं स्टेशन

रशियन भाषेत ‘द्नो’ म्हणजे तळ. प्स्कोव प्रांतातल्या एका लहानशा शहराचं हे नाव. १८९७ मध्ये बोलोगोये-प्स्कोव रेल्वे इथून गेली. पुढे पीटर्सबर्गहून व्हितेब्स्ककडे जाणारा मार्ग तिला इथेच छेदून गेला. आडगावाचं जंक्शन झालं, जंक्शनाभोवती वस्ती वाढली आणि १९२५ मध्ये तिला शहराचा दर्जा मिळाला.

त्याआधीच द्नो इतिहासात शिरलं होतं. जुन्या रशियन कॅलेंडरप्रमाणे १ मार्च १९१७. राजधानीत क्रांती पेटलेली, आणि झार निकोलस दुसरा मोगिलेवहून रेल्वेने घरी निघालेला. मालाया विशेरा स्टेशनवर कळलं, की पुढची स्टेशनं बंडखोरांच्या हाती आहेत. गाडी मागे वळली आणि बोलोगोयेमार्गे द्नोला आली. ड्यूमाचे अध्यक्ष रोद्झ्यांको इथे भेटतील अशी अपेक्षा होती. ते आलेच नाहीत. गाडी प्स्कोवला गेली आणि दुसऱ्या दिवशी तिथे झारने सिंहासन सोडलं.

झारने द्नोलाच राज्य सोडलं, असं आजही अनेकदा सांगितलं जातं. साम्राज्याने शब्दशः तळ गाठला, ही कोटी कुणाला सोडवेल?

मला मात्र त्या कोटीपेक्षा तारयंत्र महत्त्वाचं वाटतं. ड्यूमाचे प्रतिनिधी बुब्लिकोव यांनी रेल्वे मंत्रालय ताब्यात घेऊन स्टेशनोस्टेशनी तारा धाडल्या होत्या. साम्राज्य सांधायला टाकलेल्या रुळांवर सम्राट अडकला होता, आणि रुळांशेजारच्या तारांतून क्रांतीची बातमी त्याच्या पुढे धावत होती.