‘निस्तार’ची कुळकथा

भुसावळच्या यार्डात अपघाताच्या वेळी धावून जाणारी मदतगाडी सदैव सज्ज ठेवलेली असते. तिला जागचे हलावे लागू नये, असेच सर्वांना वाटते. पण ती नसली तरी चालेल, असे मात्र कोणी म्हणणार नाही. आरमारातही अशाच जातीचे एक जहाज असते. शत्रूवर मारा करणे हे त्याचे काम नव्हे. समुद्रतळाशी अडकून पडलेल्या पाणबुडीतील माणसे जिवंत वर आणणे, हे त्याचे काम. आम्हां तापीकाठच्या खानदेशी माणसांचा समुद्राशी संबंध काय, तर आमची तापी सुरतेपलीकडे त्याला मिळते एवढाच. तरीही या जहाजाची कुळकथा जाणून घेण्यासारखी आहे.

आपल्या आरमारात पहिली पाणबुडी ‘कलवरी’ आली ती ८ डिसेंबर १९६७ रोजी, सोविएत रशियाकडून. पाणबुडी घेतली की तिच्यातील माणसांच्या सुटकेची तजवीज करणे ओघानेच आले. म्हणून १९६९ साली रशियाकडूनच एक बचाव-जहाज घेण्यात आले आणि १९७१ साली ते ‘निस्तार’ या नावाने सेवेत दाखल झाले. निस्तार म्हणजे सुटका, उद्धार. घरातला घोळ आपण ‘निस्तरतो’, तो शब्द याच कुळातला.

पण दैवाचा खेळ असा, की या जहाजाचे सर्वांत गाजलेले काम शत्रूच्या पाणबुडीपाशी झाले. १९७१ च्या डिसेंबरात, ३ आणि ४ तारखांच्या दरम्यानच्या रात्री, पाकिस्तानची ‘गाझी’ विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. आपल्या विनाशिकेने तिला बुडविले, की तिच्याच सुरुंगांनी तिचा घात केला, याविषयी दोन्ही देशांचे म्हणणे आजही वेगळे आहे. ‘निस्तार’वरील पाणबुडे खाली उतरले. तेथे वाचविण्यासारखे कोणीच उरले नव्हते. नव्वदहून अधिक खलाशी त्या पोलादी पेटीत कायमचे निजले होते.

पुढे ‘निरीक्षक’ आले. हे आपल्या मुंबईच्या माझगाव गोदीत १९८५ साली बांधलेले जहाज १९८९ पासून आरमाराच्या कामी लागले. त्यावरून पाणबुडे २५७ मीटर खोलीपर्यंत उतरले आहेत. या कामातली खरी जोखीम वर येताना असते. गोटी सोड्याची बाटली फोडताच फसफसून बुडबुडे उठतात ना? खोल पाण्याच्या दाबातून माणूस एकदम वर आला, तर त्याच्या रक्तातही तसेच होते. म्हणून अशा जहाजावर बंद कोठड्या असतात. त्यांत दाब हळूहळू, कधी कधी कित्येक दिवस घेऊन, उतरवितात.

२०१८ साली ब्रिटनहून घेतलेली छोटी बचाव-पाणबुडी मुंबईत आरमारात दाखल झाली. ती ६५० मीटरपर्यंत जाऊन, बुडालेल्या पाणबुडीच्या झाकणाला घट्ट चिकटते आणि एका खेपेत १४ माणसे वर आणते. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची ‘नंगाला’ बेपत्ता झाली, तेव्हा भारताने अशी बचाव-पाणबुडी विशाखापट्टणमहून तातडीने रवाना केली. पण ‘नंगाला’ ८०० मीटरहूनही खोल, तुकडे होऊन पडलेली सापडली. ५३ जण गेले. मग हा खटाटोप व्यर्थच म्हणायचा काय? १९३९ साली अमेरिकेच्या ‘स्क्वालस’ पाणबुडीतून, सुमारे ७३ मीटर खोलीवरून, ३३ माणसे एका लोखंडी घंटेत बसवून जिवंत वर आणली गेली. त्या ३३ घरांना विचारावे!

१८ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणमला नवे ‘निस्तार’ आरमारात दाखल झाले. हिंदुस्थान शिपयार्डने बांधलेले, सुमारे १२० मीटर लांबीचे आणि १०,५०० टनांहून अधिक वजनाचे हे जहाज बचाव-पाणबुडीची माता म्हणून काम करणार आहे. घरोघरी आकाशकंदील लागतील, तेव्हा कोणा घरचा मुलगा समुद्राखाली पहाऱ्यावर असेल. त्याच्यासाठी एवढेच मागावे: ‘निस्तार’च्या दप्तरात सुटकेची नोंद करण्याची वेळ कधी न येवो, आणि त्याच्या सज्जतेत एक दिवसाचाही खंड न पडो.