एचडीव्ही कॅसेट लावल्यावर चित्र मध्येच का अडकते?

मंडळाचे जुने गणेशोत्सव आणि सभासदांच्या घरची लग्ने आम्ही कॅसेटवरून संगणकावर उतरवून घेत आहोत. त्यातल्या बऱ्याच कॅसेट 'एचडीव्ही'च्या आहेत. हा प्रकार २००३ साली निघाला. कॅसेट मात्र मिनीडीव्हीचीच, पाव इंची फितीची. तक्रार बहुतेकांची एकच: ऐन मंगलाष्टकांत चित्र थबकते, आवाज जातो आणि अर्ध्या सेकंदाने पुन्हा सगळे सुरू.

अर्धा सेकंदच का? साध्या डीव्हीत प्रत्येक चित्र वेगळे साठते, त्यामुळे धूळ आली तर चार चौकोन दिसून भागते. १०८० ओळींच्या एचडीव्हीत आपल्याकडच्या कॅमेऱ्यावर बारा चित्रांचा एक गट असतो. त्यातले एक पूर्ण, बाकीच्यांत बहुतांशी फक्त बदल. गट तुटला की सगळा जातो. सेकंदाला पंचवीस चित्रे, म्हणजे हिशेब अर्ध्या सेकंदाचा.

आधी एवढे करा. कॅसेट दोनदा लावा आणि अडकण्याची वेळ कागदावर लिहा. जागा बदलत असेल तर हेड घाण आहे, ही आनंदाचीच बातमी. दोन्ही वेळा तीच जागा असेल तर फितीवर डाग आहे, किंवा शूटिंगच्या वेळीच ते उमटलेले नाही. तेही दुसऱ्या कॅमेऱ्यात लावून पाहावे. शक्य असेल तर ज्यात शूटिंग झाले त्यातच.

हेडसाठी कोरडी क्लीनिंग कॅसेट सुमारे दहा सेकंद चालवावी. ती रिवाइंड करून पुन्हा वापरू नये, आणि उगाच रोज घासू नये, हेड झिजते. कापूस-स्पिरिट घेऊन कॅमेऱ्यात बोटे घालणाऱ्या हौशी मंडळींना हात जोडून विनंती, नको. पावसाळ्यात ओलाव्याची खूण दिसली तर कॅसेट काढून झाकण उघडे ठेवा आणि तासभर थांबा.

उतरवताना फायरवायरचीच केबल लागते. यूएसबीने एचडीव्ही येत नाही. कॅमेऱ्याच्या मेनूत डीव्ही रूपांतर बंद ठेवा, नाहीतर चित्र साध्या प्रतीचे येते.

शूटिंगमध्येच हरवलेला अर्धा सेकंद कोणी परत आणू शकत नाही. दुसऱ्या कॅमेऱ्याची कॅसेट कुणा पाहुण्यांकडे असेल तर तेवढा तुकडा मिळतो, विचारून पाहा. आमच्याकडे कॅसेट देण्याआधी तिच्या पाठीची पट्टी 'सेव्ह'कडे सरकवा आणि वर नाव, साल लिहा.